मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान : हिकमतीला तपासणीची जोड देणारा माणूस

चाळिशी ओलांडली की घराघरात दोन तक्रारी सुरू होतात. चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, आणि काही कारण नसताना मन उदास राहतं. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं ब्राह्मी घ्या, कुणी मालकांगोणीचं तेल सांगतं, कुणी दिमागी ताकतीचा खमीरा आणून देतं. मेडिकलवाला व्हिटॅमिनचं पाकीट पुढं करतो. मोबाईलवर रोज नवी बाटली येते. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा, आरमोरी, अहेरी, कुठल्याही आठवडी बाजारात जा, जंगलातली मुळं आणि साली मांडून बसलेला एखादा माणूस भेटतोच, आणि त्याच्याकडं नींद न येण्यापासून विसरण्यापर्यंत सगळ्याची दवा असते.

मी शाळेत शिकवते. आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या वयाच्या निम्म्या बायांच्या पर्समध्ये अशी एखादी डबी सापडेल. डबी घेणाऱ्याला नावं ठेवायची नाहीत. त्रास खरा असतो म्हणूनच माणूस घेतो. प्रश्न एवढाच आहे की ही दवा काम करते हे कुणी तपासलं, आणि ती नुकसान करत नाही हे कुणी पाहिलं?

शंभर वर्षांपूर्वी हाच प्रश्न दिल्लीतल्या एका हकिमानं स्वतःच्या विद्येला विचारला. तो विचारणारा माणूस साधा नव्हता. त्यांच्या घराण्याची हिकमत मोगल दरबारापर्यंत पोहोचलेली होती, आणि राजे-महाराजे त्यांना बोलावून नेत. तरी त्यांनी आपल्या औषधांना प्रयोगशाळेचं दार दाखवलं. त्यांचं नाव हकीम अजमल खान. आपल्या मुलांना ते काँग्रेसचे एक अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे संस्थापक म्हणून एका ओळीत शिकवले जातात. त्यांची पूर्ण जिंदगी मात्र आपल्या घरातल्या या डब्यांबद्दलही बरंच शिकवून जाते.

शरीफ मंझिल

अजमल खान यांचा जन्म १८६८ साली दिल्लीत, बल्लीमारान मोहल्ल्यातल्या शरीफ मंझिलमध्ये झाला. हे नाव त्यांच्या पूर्वजांवरून पडलं. हकीम शरीफ खान हे बादशहा शाह आलम यांच्या काळातले नामांकित तबीब होते, आणि त्यांच्यापासून हे घराणं शरीफी खानदान म्हणून ओळखलं जाऊ लागलं. वडील हकीम महमूद खान यांचंही मोठं नाव होतं. मिर्झा गालिब याच भागात राहायचे. १८५७ च्या बंडानंतर इंग्रजांनी दिल्ली उजाड केली तेव्हा या गल्लीवर पटियालाच्या महाराजांनी पहारा बसवला होता, कारण या घरातले हकीम पटियाला दरबाराचेही हकीम होते. त्या पहाऱ्यामुळं गालिबही वाचले. अजमल खान यांचा जन्म त्या कहरानंतर अवघ्या अकरा वर्षांनी झाला. ज्या शहरात ते वाढले तिथं जुनं सगळं मोडलं होतं आणि नवीन अजून उभं राहायचं होतं.

लहानपणी ते हाफिज-ए-कुरआन झाले. अरबी, फारसी, मंतिक, फलसफा असं त्या काळचं पूर्ण शिक्षण त्यांनी घेतलं. हिकमत वडील आणि थोरल्या भावांकडून शिकले. शायरीचाही शौक होता, शैदा या तखल्लुसनं ते लिहीत.

तिघं भाऊ. सर्वात थोरले हकीम अब्दुल मजीद खान, मधले हकीम वासिल खान, धाकटे अजमल. थोरल्या भावानं १८८० च्या दशकात दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला. तोपर्यंत हिकमत म्हणजे घराण्याचं गुपित. बाप मुलाला शिकवायचा, नुस्खा घराबाहेर जायचा नाही. मदरशात मात्र कुणाचाही मुलगा येऊन बसू शकत होता. अजमल खान यांच्या पुढच्या सगळ्या कामाची पायाभरणी इथं झाली.

रामपूरची वर्षं

१८९२ साली अजमल खान रामपूरच्या नवाबांचे हकीम म्हणून रुजू झाले आणि जवळपास दहा वर्षं तिथं राहिले. रामपूरचं ग्रंथालय तेव्हाही हिंदुस्थानातल्या मोठ्या खजिन्यांपैकी एक होतं. अरबी-फारसी हस्तलिखितांनी भरलेलं. हकीम साहेबांकडं त्या ग्रंथालयाचीही देखरेख होती. दिवसा नवाबांचा दवाखाना आणि उरलेल्या वेळात जुनी किताबं, असं त्यांचं आयुष्य चाललं.

इब्न सीना, राझी यांच्या किताबांत दिमागाच्या आजारांवर लांबलचक प्रकरणं आहेत. विसराळूपणाला तिथं निसयान म्हणतात. सतत उदास राहणं, भीती वाटणं, एकटं बसणं याला मालीखोलिया म्हणतात. त्यांच्या मते शरीरातला सौदा नावाचा खिल्त बिघडला की मन काळवंडतं. आजचं विज्ञान हे कारण मानत नाही. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमांनी उदासीला आजार मानलं होतं. आळस किंवा जादूटोणा म्हणून तिला बाजूला सारलं नव्हतं.

आणि इलाजाचा क्रमही ठरलेला होता. युनानीत सहा गोष्टी जगण्याला जरूरी मानल्या आहेत : हवा, खाणं-पिणं, शरीराची हालचाल आणि आराम, मनाची हालचाल आणि आराम, झोप आणि जागरण, आणि शरीरातली घाण बाहेर पडणं. आधी या सहा गोष्टी दुरुस्त करायच्या. मग गिझा, म्हणजे आहार बदलायचा. त्यानंतर दवा. आज आपण हा क्रम उलटा केला आहे. आधी डबी येते, झोप आणि चालणं राहूनच जातं.

शिक्षण घराबाहेर काढलं

१९०१ मध्ये थोरले भाऊ वारले, आणि तीन वर्षांनी मधलेही. घराण्याची गादी, मदरसा, रुग्णांची रांग, सगळं छत्तिशीतल्या अजमल खान यांच्या खांद्यावर आलं. ते दिल्लीला परतले होते आणि मग कायम दिल्लीचेच झाले.

त्यांच्या दवाखान्याबद्दल एक गोष्ट चरित्रकार आवर्जून लिहितात. दिल्लीत घरी येणाऱ्या रुग्णाला ते मोफत पाहत, मग तो टांगेवाला असो की हवेलीवाला. पण राजे-रजवाडे दिल्लीबाहेर बोलावत तेव्हा दिवसाला हजार रुपये फी घेत. त्या काळात हजार रुपयांत घर होत असे. हा पैसा मदरसा आणि पुढं कॉलेज चालवायला जाई.

त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना नावाचा औषधांचा कारखाना नीट उभा केला. तोपर्यंत अत्तार जे पुडीत बांधून देईल तेच खरं मानावं लागे. एकाच नावाच्या दोन पुड्यांत वेगळीच जडीबुटी निघायची. हिंदुस्तानी दवाखान्यात ठरलेल्या नुस्ख्यानं, ठरलेल्या मापानं दवा बनू लागली आणि तिचा नफा शिक्षणाकडं वळवला गेला. हमदर्दचे संस्थापक हाफिज अब्दुल मजीद हेही आधी इथंच काम करायचे.

१९०९ साली त्यांनी बायांसाठी तिब्बी शाळा सुरू केली. पर्द्यातल्या बाया पुरुष हकिमापुढं येत नसत, आणि बाळंतपणं अनाडी हातांत होती. दाईंना शिकवलं पाहिजे, त्यांना शरीराची माहिती पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. शंभर वर्षांपूर्वीच्या दिल्लीत हे सोपं नव्हतं.

वैद्य आणि हकीम एकाच मंचावर

इंग्रज सरकारला देशी वैद्यक नको होतं. १९१२ साली मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्यात वैद्याला जागा नव्हती आणि हकिमालाही नव्हती. असे कायदे येणार याची चाहूल आधीच लागली होती. अजमल खान यांनी १९१० च्या सुमारास वैद्य आणि हकीम यांची एकत्र परिषद उभी केली. जडीबुटी एकच, रुग्ण एकच, तर लढाई वेगळी कशाला, हा त्यांचा साधा हिशोब होता.

पण ते नुसते परंपरेचे वकील नव्हते. बाहेरून सरकारशी भांडताना घरात ते आपल्याच लोकांना खडसावत. हकिमाला शरीररचना आली पाहिजे, शस्त्रक्रिया समजली पाहिजे, जुनं आहे म्हणून बरोबर असं मानायचं नाही, हा त्यांचा धोशा होता. यावर बरेच जुने हकीम नाराज झाले. त्यांना वाटायचं, अंग्रेजी दवाखान्याची नक्कल सुरू झाली.

१९११ साली ते युरोपला गेले. लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना इथली रुग्णालयं त्यांनी पाहिली, पुढं इस्तंबूल आणि कैरोलाही गेले. लंडनच्या चेअरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये डॉक्टर मुख्तार अहमद अन्सारी तेव्हा काम करत होते. तिथला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. एका रुग्णाच्या पोटदुखीबद्दल तिथल्या मोठ्या सर्जनचं मत एक होतं आणि नाडी पाहून हकीम साहेबांचं मत दुसरं. शस्त्रक्रियेत हकीम साहेबांचं निदान बरोबर निघालं, आणि सर्जननं त्यांना सन्मानानं घरी जेवायला बोलावलं. आपल्याकडं हा किस्सा नाडीच्या करामतीसाठी सांगतात. पण त्यात दोन्ही मतांचा फैसला पोट उघडून, डोळ्यांनी पाहून झाला, आणि दोघांनीही तो मानला. हकीम साहेबांना युरोपातून हेच आणायचं होतं.

परतल्यावर कॉलेजच्या कामाला वेग आला. २९ मार्च १९१६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी करोल बागेत आयुर्वेदिक अँड युनानी तिब्बिया कॉलेजची पायाभरणी केली. इमारत पूर्ण झाली तेव्हा देश बदलला होता, आणि हकीम साहेबही. १३ फेब्रुवारी १९२१ रोजी उद्घाटन केलं ते महात्मा गांधींनी. एकाच छताखाली आयुर्वेद आणि युनानी, दोन्हींचे विद्यार्थी आणि त्यांना शरीररचनेचे धडे. असं कॉलेज त्या काळात नवलाचंच होतं.

खिताब परत, जामियाची उभारणी

सियासतीत हकीम साहेब हळूहळू आले. १९०६ मध्ये व्हाइसरॉयकडं गेलेल्या मुस्लिम शिष्टमंडळात ते होते आणि त्याच वर्षी ढाक्यात मुस्लिम लीगच्या स्थापनेतही. १९०८ मध्ये सरकारनं त्यांना हाजिक-उल-मुल्क हा खिताब दिला, पुढं कैसर-ए-हिंद पदकही दिलं. म्हणजे सुरुवातीला ते सरकारच्या जवळचेच मानले जात.

जालियनवाला बाग आणि खिलाफतीच्या प्रश्नानं सगळं पालटलं. १९१९ च्या अमृतसरच्या लीग अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९२० मध्ये त्यांनी पदक आणि खिताब सरकारला परत केले. तेव्हा लोकांनीच त्यांना मसीह-उल-मुल्क म्हणायला सुरुवात केली. सरकारी खिताब आज कुणाला आठवत नाही, लोकांनी दिलेला तेवढा राहिला.

त्याच वर्षी अलीगढमध्ये जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली आणि हकीम साहेब तिचे पहिले अमीर-ए-जामिया, म्हणजे कुलपती झाले. डिसेंबर १९२० मध्ये आपल्या नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव पक्का झाला आणि चांद्यापर्यंत त्याचं वारं आलं. पुढच्या वर्षी अहमदाबादच्या अधिवेशनाचे नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, म्हणून अध्यक्षपद हकीम अजमल खान यांनी सांभाळलं. १९२२ मध्ये सविनय कायदेभंगासाठी देश तयार आहे की नाही हे पाहायला काँग्रेसनं समिती नेमली, तिचेही ते प्रमुख होते. समिती प्रांतोप्रांती फिरली. वय चौपन्न, तब्येत नाजूक, आणि रेल्वेचा प्रवास.

त्यानंतरची वर्षं दुःखाची गेली. खिलाफत संपली. शहराशहरात हिंदू-मुस्लिम दंगे होऊ लागले. ज्या माणसानं वैद्य आणि हकीम एका छताखाली बसवले, त्याला आपल्याच दिल्लीत माणसं एकमेकांवर तुटून पडताना पाहावं लागलं. जामियाकडं पैसा नव्हता, ती बंद करावी असं मोठमोठे लोक म्हणू लागले. हकीम साहेबांनी १९२५ मध्ये तिला अलीगढहून दिल्लीला, करोल बागेत आपल्या कॉलेजच्या जवळ आणलं आणि खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला. गांधीजी पाठीशी उभे राहिले.

एका केमिस्टवर भरवसा

आता त्या कामाकडं येऊ ज्याचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. हकीम साहेबांच्या मनात तिब्बिया कॉलेजात संशोधनाचा विभाग काढायचं होतं. जी जडीबुटी आपण पिढ्यानपिढ्या देतो तिच्यात नेमकं काय आहे, ते वेगळं काढून पाहायचं. पण हे काम हकिमाचं नव्हतं, केमिस्टचं होतं. त्यांना असा केमिस्ट मिळाला सलीमुज्जमां सिद्दीकी या तरुणात. बाराबंकीचा, अलीगढला शिकलेला, जर्मनीत फ्रँकफर्टला डॉक्टरेट करणारा. त्याची पैशाची अडचण झाली तेव्हा हकीम साहेबांनी इथून मदत पाठवली. १९२७ मध्ये सिद्दीकी शिक्षण पूर्ण करून दिल्लीला आले.

पण ते संशोधन उभं राहिलेलं हकीम साहेबांना पाहता आलं नाही. त्यांचं हृदय आधीपासून कमजोर होतं. डिसेंबर १९२७ मध्ये रामपूरला असताना त्यांचं निधन झालं. मय्यत दिल्लीला आणली. ज्या रामपुरात उमेदीची वर्षं काढली तिथंच शेवट झाला. वय साठीच्या आत.

जामियाच्या शिक्षकांनी त्यांच्या मागं जे केलं ते आम्हा मास्तर लोकांनी विसरू नये. झाकिर हुसेन आणि सोबत्यांनी लिहून दिलं की वीस वर्षं जामिया सोडणार नाही आणि महिन्याला दीडशे रुपयांपेक्षा जास्त पगार घेणार नाही. जामिया वाचली. झाकिर साहेब पुढं देशाचे राष्ट्रपती झाले.

इकडं सिद्दीकींनी काम सुरू ठेवलं. त्यांनी हातात घेतली सर्पगंधा, जिला युनानीत असरोल म्हणतात. बिहार-बंगालकडं तिला पागल की दवा असंच नाव होतं. नींद न येणं, वेड लागणं, फार तापट होणं, यावर तिच्या मुळाची भुकटी देत. १९३१ साली सिद्दीकींनी त्या मुळातून काही क्षारसत्त्वं वेगळी काढली. त्यातल्या एकाला आपल्या मरहूम मेहरबानाचं नाव दिलं : अजमलीन. आज जगभरात हृदयाच्या ठोक्यांच्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचं निदान करताना डॉक्टर अजमलीनचं इंजेक्शन देऊन तपासणी करतात. हृदयविकारानं गेलेल्या हकिमाचं नाव हृदयाच्या औषधाला लागलं.

दवा तीच, उदासी वाढवणारी

सर्पगंधेची गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्या महाराष्ट्रातला आहे. सिद्दीकींच्या कामाच्याच वर्षी कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की ही मुळी वेडेपणासोबत वाढलेल्या रक्तदाबावरही काम करते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, नोंदी ठेवल्या, आणि १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगाच्या पत्रिकेत ५० रुग्णांचा अहवाल छापला. सगळ्या जगाचं लक्ष या मुळीकडं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. दोन वर्षांत अमेरिकेच्या मनोरुग्णालयांत ते वापरात आलं. डॉक्टर वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि मग दुसरी बाजू दिसली. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही लोकांना खोल उदासी येऊ लागली, काहींना मरण्याचे विचार येऊ लागले. रेसर्पिन मेंदूतली सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन ही रसायनं रिकामी करतं, हे समजलं. उदासीचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध असावा, या विचाराला त्यातूनच जोर आला आणि उदासीच्या आधुनिक औषधांचा रस्ता मोकळा झाला. रेसर्पिन घेणाऱ्या किती जणांना उदासी येते यावर आज संशोधकांत मतभेद आहेत. पण ज्याला आधी नैराश्य होतं त्याला ते देऊ नये, ही सूचना कायम आहे.

म्हणजे बघा, ज्या मुळीला लोक दिमागाची दवा म्हणत, ती काहींचं मन आणखी अंधारात ढकलत होती. हे कळलं कधी? सत्त्व वेगळं काढलं, मात्रा ठरली, रुग्णांची नोंद ठेवली तेव्हा. रेसर्पिनची रोजची मात्रा साधारण पाव मिलिग्रॅमपर्यंत असते. पाव मिलिग्रॅम म्हणजे अगदीच थोडं. आणि बाजारात आपण चिमूटभर भुकटी अंदाजानं घेतो. एका झाडाच्या मुळात सत्त्व जास्त, दुसऱ्यात कमी. बापाला रक्तदाबाची गोळी चालू असते, त्यात कुणीतरी झोपेसाठी ही पुडी आणून देतं, आणि म्हातारा न्हाणीघरात चक्कर येऊन पडतो. वयामुळं पडले, असं आपण म्हणून टाकतो.

आपलं जंगल, आपलं घर

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात औषधी वनस्पतींची कमी नाही. हिरडा, बेहडा, मालकांगोणी, मुसळी, आणि ओलसर सावलीत सर्पगंधाही. पण सर्पगंधेचं औषध मुळात असतं. मूळ खणलं की झाड गेलं, आणि मूळ तयार व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. ओरबाडून ओरबाडून ती इतकी कमी झाली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली. मेंढा-लेखासारख्या गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. जंगल गावाच्या हातात राहिलं तर अशी झाडं वाचण्याची आशा आहे. व्यापाऱ्याच्या काट्यावर मात्र सगळ्या मुळ्या सारख्याच.

हकीम साहेबांची रीत आपल्या डब्यांना लावायची तर काही गोष्टी सरळ सांगता येतात.

पहिली, नावाचा घोळ. ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक खरी ब्राह्मी आणि दुसरी मंडूकपर्णी. खऱ्या ब्राह्मीवर छोटे प्रयोग झाले आहेत. साधारण १२ आठवडे घेतल्यावर स्मरणात थोडा फायदा दिसला, पोट बिघडण्याची तक्रारही दिसली. म्हणजे चमत्कार नाही, आणि आठ दिवसांत तर काहीच नाही. परदेशातली गाजलेली गिंको ही ३,००० हून जास्त वृद्धांना कित्येक वर्षं देऊन पाहिली. २००८ मध्ये निकाल आला, स्मृतिभ्रंश टळला नाही.

दुसरी, व्हिटॅमिन. कमतरता असेल तर व्हिटॅमिन खरंच काम करतं. बी-१२ कमी झालं की विसरणं, थकवा, उदासी, हातापायाला मुंग्या, सगळं येऊ शकतं. आपल्याकडं लोक म्हणतात, आम्ही तर गोश्त खातो, आम्हाला बी-१२ कसं कमी पडणार? पण शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर गोश्त खाऊनही ते कमी पडतं. एक रक्ततपासणी केली की कळतं. बायांनी सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहावं. थायरॉइड कमी असेल तरी माणूस विसरतो आणि सुस्त होतो. आणि कमतरता नसेल तर जास्तीच्या गोळ्यांनी दिमाग तेज होत नाही.

तिसरी, कुश्ते आणि भस्मं. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची अमेरिकेत तपासणी झाली. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. शिसं स्वतःच दिमागाला मारतं. परवाना नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता, बॅच नंबर नसलेली पुडी घरात आणूच नका.

चौथी, लपवाछपवी. डॉक्टरसमोर पुडीचं नाव कुणी काढत नाही, आणि हकीम किंवा वैद्याला चालू गोळ्यांबद्दल सांगत नाही. अश्वगंधेनं थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, क्वचित लिव्हरला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून दोघांनाही सगळं सांगा. डॉक्टरांनी उदासीची गोळी दिली असेल तर पुडीच्या भरवशावर ती अचानक बंद करू नका.

आणि उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली, झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्याचा कंटाळा आला, तर तो आजार आहे. त्यात ईमान कमजोर असल्याची गोष्ट नाही. आपल्या जुन्या हकिमांनीही तो आजारच मानला होता. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो. सिरोंचा, भामरागडसारख्या लांबच्या गावातून चंद्रपूर गाठणं सोपं नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत फोनसेवा आहे, नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.

हकीम अजमल खान यांनी आपल्या खानदानाची विद्या सोडली नाही आणि तिला तपासणीपासून वाचवूनही ठेवलं नाही. एका घराण्याचे नुस्खे त्यांनी शाळेत आणले, शाळेचं कॉलेज केलं आणि कॉलेजात केमिस्ट आणला. त्यांच्या तिब्बिया कॉलेजात आजही दोन्ही पॅथींची मुलं शिकतात. आपल्या घरात पुढची डबी येईल तेव्हा मुलांसमोर तिच्यावरचं लेबल मोठ्यानं वाचा, आणि हे कुणी तपासलं, हा प्रश्न त्यांना विचारू द्या.

अल्लाह मरहूम हकीम साहेबांची मगफिरत करो आणि त्यांच्या कबरीला नूरनं भरो. आमीन.